आजीच्या हातात मोबाईल दिला म्हणून फोटो आजीचा होत नाही

तुझा प्रश्न थोडक्यात असा, की एमएसडब्ल्यूचं (समाजकार्याच्या मास्टर्सचं) शेवटचं वर्ष, मालवण तालुक्यातल्या एका गावात एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांवर डिझर्टेशन, गाईड म्हणाले फोटोव्हॉइस कर, म्हणजे त्यांच्याच हातात कॅमेरा दे आणि त्या फोटोंवर त्यांना बोलतं कर, आणि तुझ्याकडे बारा जण आहेत ज्यातल्या नऊ जणांनी आयुष्यात कधी स्वतः फोटो काढलेला नाही. मग हे जमेल का, किती फोटो घ्यायचे, आणि याला रिसर्च म्हणतात का. तूच म्हणते हं तुला, माझ्या विद्यार्थ्यांच्या वयाची आहेस.

जमतं. नक्की जमतं. मी वेंगुर्ल्यापासून देवगडपर्यंत वेगवेगळ्या वाड्यांमधून हे केलंय, सत्तरीच्या पुढच्या लोकांबरोबर, आणि एकदा सपशेल तोंडावर आपटलेय पण, ते पुढे सांगते.

आधी नावांचा गोंधळ मिटवू कारण व्हायव्हात, म्हणजे तोंडी परीक्षेत, हेच विचारतात. तू फोटो काढून नेलेस किंवा त्यांच्या ट्रंकेतला जुना अल्बम उघडलास आणि त्यावर त्यांना बोलतं केलंस, तर त्याला फोटो एलिसिटेशन म्हणतात. जॉन कॉलिअर नावाच्या माणसाने १९५७ मध्ये यावर पेपर लिहिला, म्हणजे प्रकार तसा जुना आहे. फोटोव्हॉइस वेगळं, त्यात कॅमेरा त्यांच्या हातात असतो, विषयावर काय दाखवायचं ते ठरवतात, चर्चा करतात, आणि मग ते फोटो ज्याच्या हातात काही बदलायची ताकद आहे त्याच्यापर्यंत नेतात. कॅरोलिन वांग आणि मेरी अ‍ॅन बरिस या संशोधक बायकांनी नव्वदच्या दशकात चीनच्या युनान प्रांतात ६२ खेडवळ बायकांच्या हातात कॅमेरे दिले तिथून हे सुरू झालं, सुरुवातीला त्याला फोटो नॉव्हेला म्हणायचे. मागे पावलो फ्रेरे या ब्राझीलच्या शिक्षणतज्ज्ञाचा विचार आहे, की ज्याच्यावर बेततंय त्यालाच त्याचं कारण बोलता आलं पाहिजे. त्यामुळे शेवटचा टप्पा, म्हणजे कोणालातरी नेऊन दाखवणं, गाळलास तर कृपया त्याला फोटोव्हॉइस म्हणू नकोस, नुसतं फोटो काढून घेतले म्हण.

आता मुद्द्याचं. शाळेतल्या पोरांबरोबर हे करताना एक अडचण असते, म्हाताऱ्यांबरोबर दुसरीच असते, आणि ती म्हणजे मदत. म्हाताऱ्या माणसाला मदत करायला सगळं जग टपलेलं असतं. नातू म्हणतो दे आजी मी काढतो, सून म्हणते अहो तिकडचं कशाला ते पसाऱ्यातलं, हा देव्हारा काढा ना, आणि आपण रिसर्चवाले तर सगळ्यात वाईट, आपण म्हणतो जरा उजेडाकडे वळा. झालं. बटण आजीने दाबलं पण फोटो कोणाचा? हा एक प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेव, आणि ट्रेनिंग, कन्सेंट, निवड, प्रदर्शन, प्रत्येक ठिकाणी स्वतःलाच विचार.

मला हे शिकवलं एका आजीने. पहिल्या आठवड्यात तिच्या मोबाईलमध्ये बावीस फोटो आले, जवळजवळ सगळे सुंदर, देऊळ, नारळाच्या वाडीतला सूर्यास्त, वर फिल्टर वगैरे. आम्ही खूश. चर्चेला बसलो तर आजी गप्प. शेवटी म्हणाली, "फोटो बरे आसत, पण माझे न्हय." नातवाने काढलेले. मग शोधता शोधता एक सापडला जो तिने काढला होता, तिरका, हललेला, अर्ध्या फ्रेममध्ये तिचं बोट, आणि मागे विहिरीचा रहाट. त्या एका फोटोवर ती पाऊण तास बोलली, घरात नळ आलाय पण पाणी एक दिवसाआड येतं, कळशी आता भरता येत नाही म्हणून अर्धी भरते, आणि अर्धी कळशी घेऊन जाताना शेजारीण बघते याची लाज वाटते. अर्धी कळशी. असा शब्द कुठल्याही प्रश्नावलीतून मिळणार नाही तुला. म्हणून बोट आलेला फोटो डिलीट करू नकोस आणि क्रॉप तर अजिबात करू नकोस.

ट्रेनिंगला किती वेळ, तर तुझ्या अंदाजाच्या तिप्पट धर. एका दुपारी सगळ्यांना देवळात बोलावून शिकवू असं मनात असेल तर ते विसर, देवळात एकजण चुकला की बाकीचे हसतात आणि तो माणूस परत मोबाईल हातात घेत नाही. घरी जा, पडवीत बस, एका वेळी एकालाच शिकव, तीन-चार खेपा कर. पहिल्या खेपेला फक्त धरायला. गळ्यात अडकवायची दोरी लाव मोबाईलला, कारण पडेल आणि भरपाई मागतील ही भीती सगळ्यात मोठी असते, ती आधी घालव, स्पष्ट सांग की फुटला तर तुमचे पैसे जाणार नाहीत (आणि खरंच बजेटमध्ये धर तेवढं). स्क्रीनवर बोट टेकून फोटो निघत नाही अशी तक्रार येईल, त्यात म्हाताऱ्यांचा दोष नसतो, नारळ सोलून आणि काजू फोडून बोटांची कातडी इतकी जाड आणि कोरडी झालेली असते की टचस्क्रीनला ती नीट कळतच नाही. बऱ्याच फोनवर आवाजाच्या बटणाने फोटो निघतो, ते खरं दाबायचं बटण आहे, हाताला कळतं, तेच शिकव. बाकीचे आयकॉन पहिल्या पडद्यावरून काढून टाक. ब्राइटनेस पूर्ण. हात कापत असेल तर खांबाला किंवा गडग्याला टेकून काढायला सांग. मोतीबिंदू असलेल्या एका तात्यांना स्क्रीन दिसायचीच नाही, ते म्हणाले मी नाय येणार यात, मग आम्ही ठरवलं की ते नुसते बोटाने दाखवतील आणि शब्दात सांगतील "इथून, एवढं, वरचं पत्र्याचं टोक आलं पाहिजे", आणि आम्ही तसंच, अगदी तसंच काढू, मग काय आलंय ते त्यांना सांगू आणि नको असेल तर पुन्हा काढू. हा फोटो त्यांचाच, बटण आमचं असलं तरी. मेथडॉलॉजीत हे लपवू नकोस, उघड लिही की कोणते फोटो कोणी दाबले.

किती फोटो? एका आठवड्यात पाच-सात सांग, त्यापेक्षा जास्त नको. सत्तावीस सांगितलेस तर लोक कोटा भरायला कोंबड्यांचे काढतात. आणि बारा जणांचे दोन गट कर, एका चर्चेला सहा पुरेत, कारण एकाला ऐकू कमी येतं, एकाला दर तासाला उठावं लागतं, एकाची औषधाची वेळ असते. दीड तासाच्या वर चर्चा ओढू नकोस, मध्ये चहा, आणि जागा अशी निवड की पाखाडीच्या पंधरा पायऱ्या चढाव्या लागणार नाहीत. हे वाचायला किरकोळ वाटेल, पण तुझ्या सॅम्पलमधून सगळ्यात आधी गळणारी माणसं तीच असतात ज्यांच्यासाठी हा अभ्यास आहे.

कधी करायचं ते पण सांगते. पावसात नको, वाटा निसरड्या आणि फोनमध्ये दमट हवा. एप्रिल-मे मध्ये आंबा, कोणाला वेळ नाही आणि चाकरमानी घरी आलेले, म्हणजे एकटेपणाचा अभ्यास करायला गेलीस तर घर भरलेलं मिळेल. नोव्हेंबर ते जानेवारी बेस्ट. पण जमलं तर गणपतीच्या नंतरच्या आठवड्यात एक फेरी मार, सगळे मुंबईला परत गेल्यावर. त्या आठवड्यात काढलेले फोटो वेगळेच येतात. एका काकींनी नुसत्या पालथ्या घातलेल्या ताटांचा काढला होता, चौदा ताटं, आणि म्हणाल्या "आता घर खावक येता."

इथे एक सावधगिरी. आपण शहरातून वाचून जातो, एकटेपणा, स्थलांतर, उपेक्षा, हे शब्द खिशात घेऊनच जातो. आकडे पण तसेच आहेत, २००१ ते २०११ मध्ये रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या वाढायच्या ऐवजी घटली, आणि २०११ च्या जनगणनेत सिंधुदुर्गात दर हजार पुरुषांमागे १०३६ बायका, म्हणजे कमावते पुरुष बाहेर. तर असाच एक फोटो आला, भिंतीवर खिळ्याला टांगलेला चाव्यांचा जुडगा. आमच्या टीममधल्या एकीने चर्चेच्या आधीच वहीत लिहून टाकलं, 'बंद घरं, ओस पडलेली वाडी'. ज्यांनी काढला ते आजोबा ७८ वर्षांचे, ते छाती काढून म्हणाले, "पाच घरां माझ्यार आसत." शेजारच्या पाच बंद घरांच्या चाव्या त्यांच्याकडे. दर सोमवारी उघडतात, झाडतात, देवापुढे दिवा लावतात, पावसाआधी कौलं बघतात, चतुर्थीच्या आधी मुंबईहून फोन येतो तात्या लाईटचं बघा म्हणून. त्यांच्या दृष्टीने तो फोटो ओस वाडीचा नव्हताच, वाडी त्यांच्यावर चालते याचा होता. मग पुढे हळूच म्हणाले की मी गेल्यावर या कोणाकडे द्यायच्या हे मात्र ठरत नाहीये. म्हणजे दोन्ही होतं त्यात, पण क्रम त्यांचा होता. आम्ही आमचा क्रम लावला असता तर अभिमान गेला असता आणि नुसती कणव उरली असती, आणि म्हाताऱ्यांवरचे निम्मे रिपोर्ट असेच असतात असं माझं मत आहे, कोणाला राग आला तर येऊ दे.

म्हणून नुसते फोटो बघून कोडिंग, म्हणजे कुठलं काय कुठल्या मुद्द्याखाली घालायचं ते, करायचं नाही. कधीच नाही. फोटो आणि त्यावरचं बोलणं एकत्र ठेव, आणि ट्रान्सक्रिप्ट आधी मालवणीतच उतरव, प्रमाण मराठी नंतर. 'घर खावक येता' चं 'मला एकाकी वाटतं' केलंस की त्यातलं घर गेलं ना.

चर्चेचे प्रश्न. पुस्तकातले पाच तुला माहीत असतील: फोटोत काय दिसतंय, इथे खरं काय चाललंय, याचा आपल्या जगण्याशी काय संबंध, हे असं का आहे, आणि याचं काय करता येईल. जसेच्या तसे विचारू नकोस. पहिला विचारलास तर आजी म्हणेल "तुका दिसना नाय काय गो?" मला म्हणाल्यात. मी त्याऐवजी विचारते, हा काढायला कुठे उभ्या होतात? मग जागा येते, वेळ येते, कोण बरोबर होतं ते येतं, आपोआप. चौथ्या प्रश्नाला 'नशीब' असं उत्तर येतं, तिथे थांबायचं नाही, विचारायचं की पूर्वी पण असंच होतं का, मग पूर्वीपासून आजपर्यंतचं सगळं उलगडतं. आणि पाचवा, काय करता येईल, हा ऐंशीच्या माणसाला विचारणं मला थोडं क्रूर वाटतं, आता मी काय करणार असं म्हणून ते गप्प होतात. त्याच्या जागी मी विचारते की हा फोटो कोणाला दाखवायचा? बघ कसे बोलतात ते. सरपंचाला, डॉक्टरला, थोरल्याला, आणि एकदा तर 'एसटीच्या सायबाक'.

तो एसटीचा किस्सा सांगतेच. ७५ च्या पुढच्यांना एसटीचा प्रवास फुकट झाला २०२२ च्या ऑगस्टमध्ये, ६५ ते ७५ ला अर्धं तिकीट. आमच्या प्रश्नावलीत एक प्रश्न होता, सवलतीचा लाभ घेता का, आणि पुष्कळ 'नाही' आली, आम्हाला वाटलं माहिती नसेल. मग एका आजीने स्टॉपवर उभ्या असलेल्या गाडीचा फोटो आणला, गाडीचा पण नाही, फक्त खालच्या पायरीचा, शेजारी स्वतःचा पाय. पायरी गुडघ्याला लागत होती. "तिकीट फुकट झाला, पण पायरी खय खाली इली?" दोन ओळी. आमची दहा पानांची प्रश्नावली हा प्रश्न विचारू शकली नव्हती. तो फोटो ग्रामसभेत दाखवला, गाडीची पायरी काही बदलली नाही, ती बदलणं गावाच्या हातातच नाही, पण स्टॉपवर जांभ्याचे दोन चिरे बसवून वीतभर उंच चौथरा झाला, गाडी त्याला लागून उभी राहते. कधी कधी ड्रायव्हर पुढे नेतो, तो भाग वेगळा. तर याला रिसर्च म्हणतात का या तुझ्या प्रश्नाचं उत्तर मी यात दिलं असं समज. प्रश्नावली टाकून दे असं नाही म्हणत, लासीसारख्या (वय होत चाललेल्या लोकांवरच्या मोठ्या) सर्व्हेत देशभरातले सत्तर हजारांवर लोक असतात, किती जणांना चालताना त्रास होतो ते तिथूनच कळणार. पायरी तिथे दिसत नाही, एवढंच.

आता तोंडावर आपटल्याचं. एका वाडीत प्रदर्शन केलं, शाळेच्या हॉलमध्ये, कन्सेंट फॉर्म सगळे सही-अंगठ्यासकट व्यवस्थित. त्यात एक फोटो होता पडवीतल्या छोट्या गॅस शेगडीचा, आणि एक पातेलं. आजीने चर्चेत सांगितलं होतं की ही माझी वेगळी चूल. नाव कुठेच नव्हतं. पण गावात नाव लागत नाही गं, शेगडीच्या मागची भिंत सगळ्यांनी ओळखली. मुलगा सुट्टीला आला होता, तो हॉलमध्ये आला, बघितलं आणि बाहेर गेला. पुढचे दोन महिने आजी आमच्याशी बोलली नाही, आणि तिला घरात काय ऐकून घ्यावं लागलं ते आम्हाला शेजारणीकडून कळलं. फॉर्मप्रमाणे आमची काहीच चूक नव्हती, पण चूक आमचीच होती. होकार तिने फोटो काढायच्या आधी दिला होता, म्हणजे कोणता फोटो निघणार हे माहीत नसताना.

तेव्हापासून मी होकार तीनदा घेते. एक सुरुवातीला, भाग घेण्याचा. लिहिता-वाचता येत नसेल तर अंगठा आणि तिथे निष्पक्ष साक्षीदार हवा, आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या गाईडलाइन्समध्ये आहे ते, तुझी एथिक्स कमिटी विचारेलच, आणि निष्पक्ष म्हणजे सून नव्हे. दुसरा चर्चेनंतर, एकेका फोटोचा वेगवेगळा: हा माझ्या वहीत राहू दे, हा तुमच्या कॉलेजात दाखवा, हा गावात दाखवा, हा कोणालाच नको. आम्ही चार रंगाच्या टिकल्या ठेवतो, आजीच प्रिंटच्या मागे टिकली चिकटवते, वाचता यायची गरज नाही. तिसरा प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी, एकटीला, आणि तेव्हा सरळ विचारायचं, हा मुलाने बघितला तर? ही भिंत ओळखून शेजारी काही म्हणाले तर? नको म्हणाली तर काढून टाकायचा, कितीही भारी असला तरी. दुसऱ्या माणसाचा चेहरा असेल तर त्या माणसाचाही होकार लागतो, ते वेगळंच, म्हणून सुरुवातीलाच सांगते की चेहरा नको असेल तर हात काढा, चपला काढा, पाठमोरा काढा. न्हाणीघरातले आणि आजारी माणसाचे फोटो मी घ्यायला लावतच नाही.

विसरभोळेपणा वाढलेल्या कोणाला घेणार असशील तर प्रत्येक भेटीत नव्याने विचार, आज बसायचं का म्हणून, आणि चेहऱ्यावर नको दिसलं की उठ, फॉर्ममध्ये हो असलं तरी. फोटो कशाचा हे आठवत नसेल तर परीक्षा घेऊ नकोस, आत्ता बघून जे सुचेल ते बोलू दे.

आणि जे फोटो निघतच नाहीत त्यांना जागा ठेव. शेवटच्या भेटीत मी विचारते, काढायचा होता पण राहिला असा कुठला? रात्रीचं लाईट गेल्यावर न्हाणीघरापर्यंत भिंतीला धरून जाणं, याचा फोटो कोण काढणार. एका जुन्या रापणकाराने (किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढणाऱ्या मच्छीमाराने) किनाऱ्यावरच्या नुसत्या वाळूचा आणला होता, मी विचारलं यात काय, तर म्हणे यात काय नाय तेच. एवढंच म्हणाले, मी पण पुढे विचारलं नाही. असे फोटो रिकामी चौकट काढून त्याखाली त्यांचे शब्द लिहून मांड, गाईड काही म्हणणार नाहीत.

चर्चेला मोबाईलची स्क्रीन फिरवू नकोस, प्रिंट काढून ने, निदान ६ बाय ८ ची, चकचकीत नको, मॅट कागद, चकचकीतवर खिडकीचा उजेड पडला की म्हाताऱ्या डोळ्यांना काही दिसत नाही. प्रिंटची दुसरी प्रत त्यांना द्यायची, प्लास्टिकच्या पाकिटात, आमच्याकडच्या हवेत उघडा फोटो दोन पावसाळ्यात बुरशीने जातो.

शेवटचं एक, जे तुला पुस्तकात मिळणार नाही. कुठल्या ना कुठल्या घरात, बहुतेक तिसऱ्या-चौथ्या भेटीत, कोणीतरी तुला हळूच म्हणेल, "माझो एक बरो फोटो काढ गो, भिंतीर लावूक होयो." कशासाठी ते तुला कळेल. दचकू नकोस, अहो असं काय बोलता वगैरे म्हणू नकोस, त्यांना ते बोलायचं असतं. तिथे बटण तू दाब. पातळ बदलून येऊ दे, केस विंचरू दे, ओटीवरच्या सकाळच्या उजेडात बसव, दहा काढ आणि त्यांनाच निवडू दे, ८ बाय १० छापून फ्रेम करून नेऊन दे. त्यासाठी प्रोजेक्टच्या वेळापत्रकात एक सकाळ आणि बजेटमध्ये प्रत्येकी एका फ्रेमचे पैसे आत्ताच धरून ठेव. आणि हे फोटो डेटात घेऊ नकोस.